अंगणातली जुनी झाडं: शेंडा उडवण्याआधी बुंधा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात सहकारनगरला 1968 सालचा बंगला. मागे रायवळ आंबा, पुढे फाटकाशी गुलमोहर, शेजाऱ्यांच्या कुंपणाला लागून प्रचंड रेन ट्री आणि बाजूला दोन नारळ. सगळी झाडं बंगल्याच्या बरोबरीने लावलेली. गेल्या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात रेन ट्रीची मोठी फांदी शेजाऱ्यांच्या गाडीला लागून पडली आणि तेव्हापासून आभाळ भरून आलं की घरातल्यांचा जीव टांगणीला लागतो. झाडवाला म्हणतो, "सगळी झाडं निम्म्यावर उतरवतो. पैसे नकोत, लाकूड आम्ही नेतो." हे करावं का?

करू नका. एकाही झाडाचं नाही. तुम्ही पाठवलेले फोटो पाहून मला वाटतं की तुम्हाला सगळ्यांना भीती रेन ट्रीची आहे, पण खरा धोका फाटकाशी उभ्या गुलमोहराचा आहे. त्याच्याकडे येतोच. आधी "निम्म्यावर उतरवणं" म्हणजे झाडाचं नेमकं काय होतं ते सांगतो, कारण रेन ट्रीची ती फांदी पडण्यामागेही तेच आहे.

झाडाचं अन्न पानं बनवतात. शेंडा उडवला की त्या वर्षाची बहुतेक पानं गेली. मग झाड खोडामुळांत साठवलेलं अन्न खर्चून घाईघाईने नवी फूट काढतं. सालीखाली निजलेले डोळे जागे होतात आणि कापलेल्या टोकाभोवती सरळसोट धुमाऱ्यांचा झुपका उभा राहतो. लोकांना वाटतं, बघा, झाड कसं तरारलं! पण हे धुमारे लाकडाच्या फक्त वरच्या थरात रुजलेले असतात. नैसर्गिक फांदी वर्षानुवर्षं खोडाबरोबर वाढत आत गुंफली जाते, तशी पकड यांना नसते. खाली कापलेला खुंट कुजत जातो आणि वर धुमारे जाड होत राहतात. तीन-चार वर्षांत झाड जवळपास पूर्वीइतकं उंच होतं, फरक इतकाच की आता सगळं वजन कुजक्या पायावर असतं.

पडलेल्या फांदीच्या तुटक्या टोकाचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. मधोमध तपकिरी, भुसभुशीत लाकूड आणि कडेला ताज्या लाकडाची पातळ पट्टी त्यात स्वच्छ दिसते. ती फांदी मूळची नव्हती, जुन्या छाटणीच्या खुंटावर वाढलेला तो धुमारा होता. रेन ट्रीच्या फोटोत त्याच उंचीवर आणखी तीन-चार ठिकाणी तशीच गाठ आणि तिच्यातून फुटलेल्या फांद्या आहेत. म्हणजे पूर्वी कधीतरी कोणीतरी याच झाडाचा शेंडा उडवलेला आहे.

माणसाच्या जखमेत नवं मांस भरून येतं, झाडात तसं होत नाही. कुजलेलं लाकूड पुन्हा चांगलं होत नाही. झाड फक्त त्या भागाभोवती आतून बांध घालतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत जखम झाकतं. अमेरिकेच्या वनसेवेतले वनस्पतिरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून हे बांध कसे पडतात ते दाखवलं. 1970 नंतर जगभर छाटणीची पद्धत बदलली ती बरीचशी त्यांच्या कामामुळे. यातून आपल्या कामाचा एक नियम निघतो: प्रत्येक काप कायमचा असतो, म्हणून तो शक्य तेवढा लहान आणि योग्य जागी हवा. मनगटाएवढ्या फांदीचा काप निरोगी झाड काही वर्षांत झाकून टाकतं. मांडीएवढ्या फांदीचा काप जुन्या झाडाला बहुधा पूर्ण झाकता येत नाही आणि तिथून ढोली सुरू होते.

योग्य जागा कुठली? फांदी जिथे खोडातून निघते तिथे तळाशी थोडा फुगवटा असतो आणि वरच्या बाजूला, बेचक्यात, सालीची सुरकुतलेली कड असते. बांध घालणारं लाकूड त्या फुगवट्यात असतं. काप त्याच्या लगेच बाहेर घ्यायचा. खोडाला चाटून सपाट कापलं तर फुगवटा जातो, हातभर खुंट ठेवला तर तो वाळून कुजतो. आपल्याकडे दोन्ही सर्रास होतं. पहिलं "स्वच्छ दिसतं" म्हणून, दुसरं चढणाऱ्याला पाय ठेवायला सोयीचं म्हणून.

वजनदार फांदी तीन कापांत उतरवायची. पहिला काप खोडापासून फूटभर लांब, खालच्या बाजूने, पाव ते एक-तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्याही थोडा पुढे, वरून, आरपार. फांदी तिथे सुटते आणि खालच्या कापामुळे साल खोडापर्यंत सोलत येत नाही. मग उरलेला हलका खुंट फुगवट्याबाहेर निवांत कापायचा. कुऱ्हाड किंवा कोयत्याने हे जमत नाही, त्याला करवतच लागते. खाली घर, तारा किंवा कुंपण असेल तर तुकडे दोराने बांधून खाली सोडायचे.

कापावर काय लावायचं हे हमखास विचारलं जातं. डांबर, ऑइल पेंट, ग्रीस यांतलं काहीही लावू नका. आत ओल कोंडते आणि कुजण्याला मदतच होते. आंब्याचा अपवाद मी करतो, कारण त्याच्या ताज्या जखमांतून बुरशी आणि खोडकिडा दोन्ही शिरतात. तिथे बोर्डो पेस्ट लावायची: एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाण्यात. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, लोखंडाचं भांडं वापरायचं नाही. बुंध्याला दिवाळीत चुना-गेरूचे पट्टे मारता त्याने अपाय नाही, पण झाडाच्या तब्येतीला त्याचा फार उपयोगही नाही.

आता गुलमोहर. मूळचा मादागास्करचा, दिसायला देखणा, वाढायला झपाट्याचा आणि त्यामुळेच लाकडाला हलका आणि कुजायला सोपा. मुळं पसरतात वरच्या थरात. पुण्यात बऱ्याच ठिकाणी माती जेमतेम काही फूट आणि खाली मुरूम किंवा काळा पाषाण, त्यामुळे खोल जायला मुळांना वावही नसतो. झाड उभं राहतं ते चौफेर पसरलेल्या मुळांच्या जोरावर. तुम्ही सहज लिहून गेलात की दिवाळीच्या सुमारास पावसाळी पाण्याच्या गटारासाठी बुंध्यापासून तीन फुटांवर चर खणला आणि वर पेव्हर ब्लॉक बसवले. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे.

मुळांसाठी किती जागा सोडायची याचा एक ढोबळ हिशोब सांगतो. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजा, त्याला 3.14 ने भागा म्हणजे व्यास मिळतो. त्याच्या बारापट अंतरात खोदकाम नको. तुमच्या गुलमोहराचा घेर 190 सेंटिमीटर आहे, म्हणजे व्यास साधारण 60 सेंटिमीटर आणि अंतर साधारण सात मीटर. तुमचा चर एका मीटरच्या आत गेला आहे, तोही सरळ रेषेत. म्हणजे त्या बाजूची आधाराची मुळं जवळजवळ सगळी तुटली असणार. त्यात बुंध्याशी चरापलीकडच्या बाजूला तपकिरी, वरून चकचकीत, फळीसारखं भूछत्र दिसतंय. ते गॅनोडर्मा जातीचं वाटतं. ही बुरशी मुळांचं आणि बुंध्याचं लाकूड कुजवते, आणि तिचं छत्र बाहेर दिसेपर्यंत आत बरंच काम झालेलं असतं. छत्र तोडून टाकल्याने काही होत नाही, बुरशी आतच राहते. वर पालवी हिरवीगार असली तरी झाड अशा वेळी मुळासकट पडू शकतं.

म्हणून हे आजच करा: गाडी तिथे लावणं बंद, त्या झाडाखाली मुलांना खेळू देऊ नका, झोपाळा काढा. चराच्या कडेला आणि त्याच्या समोरच्या बाजूला जमिनीत भेग आहे का, बुंध्याची माती एका बाजूने उचलली आहे का, ते पाहा. पूर्वीच्या फोटोंशी ताडून झुकाव वाढलाय का तेही बघा. भेग किंवा नवा झुकाव दिसला तर अर्ज-विनंतीची वाट पाहू नका. 101 वर अग्निशमन दलाला आणि महापालिकेच्या उद्यान विभागाला लगेच कळवा. तसं काही नसेल तरी जाणकाराकडून बुंधा तपासून घ्या. लाकडी हातोडीने ठोकून पोकळ आवाज कुठून कुठपर्यंत येतो ते कळतं, नंतर बारीक छिद्र पाडून भरीव लाकडाची जाडी मोजता येते. पोकळीभोवतीची भरीव भिंत खोडाच्या त्रिज्येच्या एक-तृतीयांशाहून पातळ असेल तर काळजी करायची, असा ठोकताळा आहे. पण तुमच्या बाबतीत प्रश्न खोडापेक्षा मुळांचा आहे आणि माझा अंदाज आहे की हे झाड काढावं लागेल. वाईट वाटतं. चालतं-बोलतं झाड एका चरामुळे जाताना मी पुष्कळदा पाहिलंय, आणि दरवेळी गटार दोन-चार मीटर वळवून नेणं शक्य होतं.

रेन ट्रीचं चित्र याउलट आहे. बुंधा भरीव, तळाशी मुळांचा पसारा मोकळा आणि स्पष्ट, मातीचा भराव नाही, भूछत्र नाही. झाड मजबूत उभं आहे. अडचण वर आहे: जुन्या गाठींवरच्या फांद्या आणि शेजाऱ्यांच्या छपरावर गेलेला लांबलचक आडवा हात. अशा फांदीचा सगळा भार टोकाला असतो. तिथे काम टोकाकडूनच करायचं. टोकाकडचे भाग मागे एखाद्या चांगल्या उपफांदीपर्यंत आणायचे, आणि ती उपफांदी कापलेल्या भागाच्या निदान एक-तृतीयांश जाडीची हवी, म्हणजे ती पुढे शेंड्याची जागा घेते. आडव्या हाताची लांबी दोन-तीन मीटरने कमी झाली तरी बुडाशी येणारा ताण बराच उतरतो, कारण टोकाचं वजन सगळ्यात लांबून ओढत असतं.

इथे झाडवाले नेमकं उलटं करतात. चढायला सोपं म्हणून फांदीच्या आतल्या सगळ्या लहान उपफांद्या साफ करतात आणि टोकाला तेवढा झुपका ठेवतात. खालून मोकळं, ऊन खेळणारं दिसतं, पण भार आणखी टोकाला जातो आणि वाऱ्यात फांदी जास्त हेलकावे खाते. "आतून साफ करतो" म्हणाले की थांबवा.

जुन्या गाठींवरच्या फांद्यांपैकी ज्यांच्या बुडाशी पोकळ आवाज येतो त्या पूर्ण उतरवा. बाकीच्यांचं वजन कमी करा आणि दर दोन वर्षांनी पुन्हा बघा. हे सगळं एका दमात करायचं नाही. जुन्या झाडाची एका वर्षात एक-चतुर्थांशाहून जास्त हिरवी पानं काढू नयेत, आणि पन्नाशी ओलांडलेल्या झाडाला मी त्याहूनही कमी धरतो. आणि जर ढोली सापडली, तर तिच्यात विटा-सिमेंट भरू नका. सिमेंट वाकत नाही, झाड वाऱ्यात वाकतं. दोघांच्या मध्ये फट पडते, पाणी साचतं आणि कुज वाढते. ढोली तशीच राहू द्या, पोपट आणि पिंगळे तिथे राहतील.

वेळेचं म्हणाल तर रेन ट्रीसाठी आत्ताचा फेब्रुवारी-मार्च उत्तम. पानगळ झालेली असते, सांगाडा स्वच्छ दिसतो आणि नवी पालवी यायच्या आत काम होतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात, पावसाआधीची घाईची छाटणी करू नका. तोवर कावळ्यांची घरटी झालेली असतात आणि पावसाच्या तोंडावर बगळे याच झाडांवर वसाहत करतात. पिल्लं असलेली फांदी पाडणं हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतं. कायदा नसता तरी ते करू नये.

आंब्याला आत्ता हात लावू नका. त्याला मोहोर आहे आणि मोहोर फांद्यांच्या शेंड्यांना येतो, आत्ता कापलंत तर यंदाची फळं गेली. फळं उतरली की लगेच हलकी विरळणी करा: वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत अंधार करणाऱ्या काही फांद्या. नवी फूट पावसाळ्यात येऊन पक्व झाली तर पुढच्या थंडीत तिच्यावर मोहोर धरतो, म्हणून हे काम लांबवत ऑक्टोबरपर्यंत नेऊ नये. तुमच्या फोटोत वरच्या डाव्या बाजूला वेगळ्या, जाडसर पानांचा झुबका आहे, ते बांडगूळ. फुलटोच्या पक्षी त्याची फळं खाऊन चिकट बिया फांद्यांवर पुसतात आणि ते पसरतं. नुसतं ओरबाडून उपयोग नाही, त्याची मुळं फांदीच्या आत असतात. जिथे चिकटलंय त्याच्या फूटभर खालून फांदीच काढायची. ती जाड, महत्त्वाची फांदी असेल तर बांडगूळ दरवर्षी फळं धरण्याआधी छाटत राहायचं. बुंध्याला छिद्र आणि खाली लाकडाचा भुसा दिसला तर तो भिरुड, म्हणजे खोडकिडा. तारेचा आकडा घालून अळी बाहेर काढा. आणि चढणाऱ्याला सांगा, अंगभर कपडे घालून चढ, आंब्याचा चीक कातडी भाजतो.

नारळाची गोष्टच निराळी. त्याच्या खोडाला जखम झाकता येत नाही. पायऱ्यांसाठी पाडलेली प्रत्येक खाच जन्मभर राहते. खाचा पाडू देऊ नका, शिडी किंवा चढायचं यंत्र आणणारा पाडेली शोधा. "झाड हलकं करतो" म्हणून हिरव्या झावळ्या कापल्या जातात, तेही नको. प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पेंड, म्हणजे नारळांचा घड, धरते, आणि ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, जो नारळ आतून पोखरून मारतो. छपरावर घासणारी एखादी हिरवी झावळी काढावीच लागली तर खोडापासून सव्वा मीटरभर देठ ठेवून कापा. बाकी फक्त वाळलेल्या झावळ्या आणि तयार नारळ, मेच्या आधी.

परवानगीबद्दल स्पष्ट बोलतो, कारण "आपल्या आवारातलं झाड, आपली मर्जी" असं पुष्कळांना वाटतं. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम 1975 खासगी जागेतल्या झाडांनाही लागू आहे. त्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणंही धरलेलं आहे, म्हणून फांद्यांच्या छाटणीसाठीही उद्यान विभागाकडे अर्ज करायचा. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष मानलं जातं. तुमची झाडं बंगल्याच्या वयाची, म्हणजे सगळी त्यात बसतात. झाड काढायचं झाल्यास त्याच्या वयाइतकी रोपं लावण्याची अटही तेव्हापासून आहे. गुलमोहराच्या अर्जाला चराचे, भूछत्राचे आणि झुकावाचे तारखेसह फोटो जोडा. शेजाऱ्यांकडे गेलेल्या फांद्या त्यांनी परस्पर कापणंही या कायद्यातून सुटत नाही. त्यांना सोबत घेऊन एकच अर्ज करा, दोन्ही घरांचं समाधान होईल. विजेच्या तारांजवळच्या फांद्यांना कोणीही खासगी माणसाने हात लावू नये, महावितरणला कळवून पुरवठा बंद करूनच ते काम होतं.

आणि तो "पैसे नकोत, लाकूड आम्ही नेतो" वाला व्यवहार करूच नका. त्याची कमाई लाकडाच्या वजनावर ठरते, त्यामुळे जाड फांदी पाडण्यात त्याचा फायदा आणि बारीक टोकं काढण्यात नुकसान. तुम्हाला बरोबर उलटं हवंय. कामाचे पैसे द्या. कोणत्या फांद्या, कुठून, किती जाडीपर्यंत, हे जमिनीवर उभं राहून ठरवा आणि खडूने किंवा फोटोवर खुणा करून लिहून घ्या. माणसांकडे हेल्मेट, कमरेचा पट्टा आणि दोन दोर आहेत का बघा. काम चालू असताना घरातलं कोणीतरी पूर्ण वेळ खाली थांबा, कारण वर चढल्यावर "ही पण घेऊन टाकू का?" असा प्रश्न येतोच आणि त्याला "नको" म्हणणारं कोणीतरी लागतं.

छाटणीइतकंच बुंध्याभोवतीचं काम मोलाचं आहे, आणि त्याला परवानगी लागत नाही. आंब्याभोवती सिमेंटची गोल चौकट आहे ती फोडा. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तुम्ही जमेल तेवढं जास्त काढा. झाडांचा पालापाचोळा जाळू नका, गोळा करून मुळांवर चार-पाच बोटं जाडीचा थर द्या, फक्त बुंध्याला चिकटवू नका. मातीचा भराव घालून अंगण उंच करायचा विचार असेल तर तो सोडा. बुंधा जमिनीशी रुंदावतो तो भाग उघडा दिसलाच पाहिजे.

गुलमोहर गेला तर त्या जागी पुन्हा गुलमोहर किंवा सोनमोहर लावू नका. बुरशी जुन्या मुळांत वर्षानुवर्षं टिकते, म्हणून नवं रोप जुन्या खड्ड्यापासून चार-पाच मीटर दूर लावा. फाटकाशी सावली हवी तर बकुळ, फुलं हवीत तर बहावा किंवा कांचन. रोप लहानच घ्या आणि पहिली पाच-सात वर्षं दर हिवाळ्यात पाच मिनिटं त्याच्याकडे बघा: दोन शेंडे एकमेकांशी स्पर्धा करत असतील तर एक काढा, अगदी अरुंद बेचकं असेल तर त्यातली एक फांदी काढा. तेव्हा हे काम हातातल्या कात्रीने होतं.